रविवारी झालेला नाताळ

गयाना नावाचा देश नकाशात शोधायला मला आणि आमच्या भूगोलाच्या सरांना मिळून एक अख्खा तास लागला होता. सर आफ्रिकेत शोधत होते, मी अरबस्तानाच्या आसपास. शेवटी तो दक्षिण अमेरिकेत निघाला, ब्राझीलच्या वरच्या अंगाला, समुद्राला चिकटलेला, आणि इतका लहान की त्याचं नाव त्याच्या पोटात मावत नव्हतं म्हणून समुद्रात छापलं होतं. माझे वडील, म्हणजे आमचे आबा, तिथं होते. पूर्ण दोन वर्षं होते. मी तेरा वर्षांची असताना ते गेले आणि मी दहावीत असताना परत आले. मधल्या काळात घरातलं बापाचं काम कुणी करायचं, हा प्रश्न आईला आणि मला कुणी विचारला नाही. रॉकेलच्या रांगेत, रेशनच्या दुकानात, धाकट्या भावाला ताप आला तेव्हा नळदुर्गच्या डॉक्टरकडं ट्रकमध्ये बसून, सगळीकडं मीच जात होते. महिन्याला एक पत्र यायचं. त्यात हवापाणी ठीक असल्याचं कळायचं आणि बाकी काहीच कळायचं नाही.

आबा सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटून पाक झाला की तो मोठ्या बंद पात्रात शिजवायचा आणि त्यात साखरेचा दाणा धरवायचा, हे पॅनमनचं काम. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा आणि दाणा कुठवर आलाय ते नुसत्या डोळ्यांनी ओळखायचं. आबांचा हात या कामात इतका बसला होता की मोठे साहेबसुद्धा त्यांना चहा विचारायचे. विचारायचे म्हणजे कँटीनमधला. कारखाना कुठला, ते मी मुद्दाम लिहीत नाही. माणसं अजून आहेत, त्यांची नातवंडं माझ्याशी फोनवर गोड बोलतात. एवढंच सांगते की तो आमच्याच जिल्ह्यात होता. आमचं मूळ गाव जळकोटच्या बाजूला. आजोबांच्या वेळी घर बौद्ध झालं. आबा शिकले, कारखान्यात लागले आणि कॉलनीतल्या बारा घरांच्या ओळीत आम्हाला एक खोली आणि एक स्वयंपाकघर मिळालं; गयानातल्या साखर कारखान्यानं आबांना दोन वर्षांसाठी बोलावलं तेव्हाही इथली नोकरी आणि ही जागा राखलेली राहिली. त्या ओळीत आम्ही एकटेच होतो, बाकी अकरा घरं मराठा, लिंगायत, धनगर अशी. भांडण कधी झालं नाही. दिवाळीला त्यांच्याकडून ताट यायचं, आम्ही खायचो. आमच्याकडून ताट गेलं की ते तोंडभर हसून घ्यायचे, आणि ताट रिकामं होऊन लवकर परत यायचं. फार लवकर यायचं.

बाहत्तरचा मोठा दुष्काळ मी फ्रॉक घालायचे तेव्हाचा, त्याच्या गोष्टी सगळेच सांगतात. मी सांगतेय तो त्याच्या नंतरचा, नाव नसलेला दुष्काळ. त्यात कुणी मेलं नाही, म्हणून त्याला नाव मिळालं नाही. ऊस गुडघ्याएवढा होऊन वाळला, गाळप उशिरा सुरू झालं आणि लवकर संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलनीत सकाळी दोन तास एका नळाला करंगळीएवढी धार यायची. अशा वेळी, दिवाळी होऊन गेल्यावर, आबा परत आले. एक पत्र्याची पेटी, अंगावर निळा कोट, आणि पेटीत तांबड्या मोठ्या फुलांचं पडद्याचं कापड. साडी नव्हती, घड्याळ नव्हतं, रेडिओ नव्हता. पडद्याचं कापड! आईनं ते उलगडलं, जमिनीवर पसरलं, आणि आमच्या दोन वीतभर खिडक्यांकडं बघितलं. मग ती चहा टाकायला उठली.

त्या रात्रीपासून आबांनी आम्हाला गयानाचा नाताळ सांगायला सुरुवात केली, आणि महिनाभर थांबलेच नाहीत. तिथं म्हणे डिसेंबरात पावसाळा असतो. जमीन समुद्रापेक्षा खाली, म्हणून घरं लाकडाची आणि खांबांवर उभी, चहूकडं पाण्याचे पाट. आबा ज्यांच्याकडं राहत होते ती माणसं हिंदू होती. चार पिढ्यांमागं बिहारकडून उसाच्या मळ्यांवर नेलेली. हिंदी विसरून गेलेली, इंग्रजी अशी बोलायची की आबांना निम्मी कळायची. पण घरातल्या म्हातारीला मात्र सगळे आपल्यासारखंच ‘आजी’ म्हणायचे. नाताळ जवळ आला की ही हिंदू आजी, शेजारचा मुसलमान शिंपी आणि पलीकडची काळी ख्रिस्ती माणसं, सगळी एकच उद्योग करायची. घर उलटंपालटं करायचं. खाटा, खुर्च्या, भांडी, सगळं बाहेर. लाकडी जमीन घासून पुसून चकचकीत करायची, भिंती रंगवायच्या. आणि आदल्या दिवशी, सगळं झाल्यावर, खिडक्यांना नवे पडदे. त्याच्या आधी लावायचे नाहीत. वर्षभराचे पडदे तसेच ठेवून नाताळ काढणारं घर तिथं नसायचं, गरीब माणूससुद्धा निदान एका खिडकीला नवा पडदा लावायचा.

खाण्याचं सांगताना आबांचा आवाज बदलायचा. काळा केक असतो. त्यातले मनुके आणि सुकी फळं आठ-आठ महिने रममध्ये भिजत पडलेली असतात, आणि रंग येण्यासाठी साखर जाळून काळी करतात. आलं कुटून, लवंगा टाकून त्याचं सरबत बरण्यांत भरतात आणि बरण्या उन्हात ठेवतात. नाताळच्या सकाळी दालचिनी आणि मिरच्या घातलेलं काळं मटण पावाबरोबर खातात, त्याला पेपरपॉट म्हणतात, आणि ते भांडं रोज उकळलं की आठवडाभर नासत नाही. रस्त्यावर ढोल आणि बासरी घेऊन सोंगं येतात. एकजण उंच काठ्यांचे पाय बांधून नाचतो, एकजण बैल होऊन पोरांच्या अंगावर धावून जातो. हे सांगताना आबा खरोखर डोकं खाली घालून भावाच्या मागं धावले होते आणि आईच्या हातातलं पीठ सांडलं होतं. “आन सगळ्यात खरी गंमत पुढंच हाय,” ते म्हणायचे. “दारं उघडी असत्यात. कुनी बी येतंय, बसतंय, खातंय, पुढच्या घरी जातंय. मला पैल्या साली इचारलं, इंडियात कुठं? म्या सांगितलं, उस्मानाबाद. त्ये म्हनले, बरं, केक घे. बास. त्याच्या म्होरं एक सवाल न्हाय.” आई भाकरी थापता थापता म्हणाली, “त्यांना ठावंच न्हाय उस्मानाबाद कशाशी खात्यात, त्ये काय इचारतील?” आबांना ते आवडलं नाही.

मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं की आपण नाताळ करायचा. सगळी ओळ बोलवायची. आई म्हणाली, “आपुन येशूचं कवा झालाव?” आबा म्हणाले, “तितं बी निम्मी मानसं येशूची न्हाईत. दिवस सगळ्यांचा हाय.” मी दहावीत होते, माझ्या डोक्यात सराव परीक्षा होत्या, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा भयंकर राग आला होता. दोन वर्षांनी माणूस येतो, पोरगी कितवीत आहे ते विचारत नाही आणि पडदे शिवायला घेतो. पण त्याच रात्री मला अर्धवट झोपेत त्यांचं बोलणं ऐकू आलं, आणि राग कुठल्या कुठं गेला. तिकडून आणखी तीन वर्षांसाठी बोलावणं आलं होतं. कागद पेटीत होता. वर्ष संपायच्या आत सही करून पाठवायचा होता. आई विचारत होती, जाणार का. आबा म्हणाले, “हितली मानसं एक दिस जरी तितल्यावानी वागली ना, तर म्या कशाला जातूय? नाताळापातुर बघू.” म्हणजे आमच्या शेजाऱ्यांनी आमच्या घरी येऊन खाल्लं, तर आबा राहणार होते. नाही खाल्लं, तर जाणार होते. बाप घरात राहणार की नाही, हे अकरा घरांच्या तोंडावर अवलंबून होतं.

ती तोंडं मला ठाऊक होती. आबांनाही असायला हवी होती, पण गयानातून ते काहीतरी हरवून आले होते. आल्याबरोबर त्यांनी सोलापूरहून पेढे आणून वाटले होते आणि ते सगळ्यांनी दारातच तोंडात टाकले होते. त्यावरून त्यांनी धरलं होतं की आता काही उरलेलं नाही. दुकानचं चालतं आणि घरचं चालत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांना कळत नव्हती की कळून घ्यायची नव्हती, हे मी आजही सांगू शकत नाही. त्यांनी दारोदार जाऊन आमंत्रणं दिली, आणि सबबी यायला लागल्या. आणि आबा प्रत्येक सबब खरी मानायचे! एकजण म्हणाला, केकात अंडं असतं आणि मार्गशीर्ष चालू आहे. आबांनी अंडं काढून टाकलं. दुसरा म्हणाला, दारू असते म्हणे. आबांनी मनुके रमऐवजी गुळाच्या पाण्यात भिजवले. जगदाळेकाकू, आमच्या शेजारच्या, म्हणाल्या की पंचवीस तारखेला गुरुवार येतो, माझा उपास असतो. आबांनी क्षणभर विचार केला आणि नाताळ रविवारी ढकलला. साऱ्या जगाचा नाताळ गुरुवारी, आमचा रविवारी, जगदाळेकाकूंच्या उपासासाठी. “आता कसली अडचन न्हाय,” ते आईला म्हणाले. मला ओरडावंसं वाटत होतं की आबा, या अडचणी नाहीत, आपल्या घरचं खायचं नाही म्हणून नुसतं अडचणींचं नाव सांगताहेत. पण बापाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आई सांगू शकली असती. तीही सांगत नव्हती, आणि त्याचाही मला राग येत होता.

शेवटी मी माझ्या पद्धतीनं करायचं ठरवलं. शाळा सुटली की दप्तर घेऊन तशीच एकेका घरी जायची. कुणाच्या पोराची गणितं सोडवून दिली होती, कुणाचं पत्र लिहून दिलं होतं, त्याचं नाव न काढता आठवण करून द्यायची, आणि म्हणायचं, रविवारी आबांच्या समोर एवढा एक तुकडा खा. तीन-चार घरांत लवकर हो म्हणाले, पोरगी एवढी म्हणते तर खाऊ, असं. पण बाकीची घरं जगदाळेकाकूंकडं बघून चालायची. जगदाळेकाका उसाच्या वजनकाट्यावर कारकून होते, घरात त्यांचे म्हातारे वडील होते, आणि काकूंनी खाल्लं की ओळ खाणार हे मला माहीत होतं. मी गेले तेव्हा काकू दारात सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या.

“काकू, रविवारी येताव ना?”

“यिऊ की. पडदं बघाया तर येतूच.”

“आन खाताव बी?”

त्यांचा हात थांबला. “सुमे, तू शाळंतली पोरगी. तुला काय उकलून सांगावं? मला काय न्हाय गं. पर घरात म्हातारं हाय.”

“आजोबांना नका आणू. तुमी एकट्या या. एकच तुकडा.”

“कामून एवढं?”

मी सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. पण तोंडातून निघून गेलं. “न्हायतर आबा परत जातील.”

काकूंनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मला वाटलं, आता मायेनं काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, “नळाला माजा नंबर लावशील का? पंधरा दिस. कंबर लई दुखूलालीय, तास तास हुबं ऱ्हाणं हुईना.”

“लावते.”

“नुस्ता नंबर लाव. भरायच्या वक्ताला म्या येते.”

मी हो म्हणाले. माझ्या जागेशेजारी एक दगड ठेवायचा, रांग सरकली की तो दगड पुढं सरकवायचा, आणि नळापाशी पोहोचले की काकू त्यांची पितळी घागर घेऊन येणार. दगडाला माझा हात लागलेला चालत होता. मला ते खटकलं नाही असं नाही, पण ते नेहमीचं खटकणं होतं, त्याची सवय होती. त्या दिवशी तर मी उड्या मारत घरी आले. आज एखाद्या पोरीनं मला हे सांगितलं तर मी तिला आधी एक थोबाडीत देईन आणि मग जवळ घेईन.

रविवारच्या आधी दोन दिवस आमच्या घरी गोंधळ होता. आबांनी सगळं सामान अंगणात काढलं. फरशी धुवायला पाणी नव्हतं, तेव्हा आधी कोरड्या फडक्यानं, मग ओल्या फडक्यानं आणि मग खोबरेल तेलाच्या बोटानं त्यांनी शहाबादी फरशी पुसली. भाऊ त्यावरून दोनदा पडला. केक भाजायला भट्टी नव्हती, म्हणून मोठ्या पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवला. रंगासाठी साखर जाळायची वेळ आली तेव्हा आबा जरा थांबले. आयुष्यभर साखर करपू नये म्हणून जागलेला माणूस, त्यांनी हातानं साखर जाळली आणि नाक वर करून वास घेतला. “असाच येत हुता,” म्हणाले. पडदे आमच्या खिडक्यांच्या तिप्पट होते. आईनं कापायचं म्हटलं, आबांनी कापू दिले नाहीत. ते वरच्या खिळ्यापासून जमिनीपर्यंत लोळत होते आणि खोलीत भरदुपारी तांबडा अंधार पडला होता. पण मी खोटं का बोलू, घर सुरेख दिसत होतं. आईसुद्धा दोनदा बाहेर जाऊन उगाच परत आत आली.

आणि माणसं आली! दुपारी चारपासून येत होती. बायकांनी पडद्याचं कापड चिमटीत धरून बघितलं, पुरुषांनी आबांना गयानात मजुरी काय मिळते ते विचारलं. आबा निळा कोट घालून केकापाशी सुरी घेऊन उभे. पहिल्यांदा केक पुढं केला तेव्हा एकमेकांकडं बघणं झालं, आणि मग जगदाळेकाकूंनी हात पुढं केला. तुकडा घेतला, तोंडात टाकला. मी त्यांच्या घशाकडं बघत होते, उतरतो की नाही. उतरला. “अगं बया,” त्या म्हणाल्या, “लई ग्वाड झालंय की. आनखी एक बगू.” आणि त्यांनी दुसरा तुकडा घेतला. दुसऱ्या तुकड्याचं आमचं ठरलं नव्हतं. मग सगळी ओळ खाऊ लागली, आल्याचं सरबत प्यायली, पोरांनी ताटातला चुरा वेचून खाल्ला. आबांनी बैल होऊन दाखवला. मोठी माणसं पोट धरून हसली. अंधार पडायच्या आत सगळे आपापल्या घरी गेले, आबा दारात बसले, आणि आईला म्हणाले, “म्या सांगत हुतो का न्हाय? जात न्हाय बग आता.” मी आत भांडी आवरत होते. मला इतकं रडू आलं की पडद्यालाच डोळे पुसले.

हे सगळं दोन दिवस टिकलं. मंगळवारी आबा रात्रपाळी करून सकाळी परत येत होते, आणि वाटेत नळ लागतो. मी रांगेत होते, आता माझाच नंबर होता. माझी कळशी आणि शेजारी दगड. त्यांना बघून मी दगड पायानं मागं सरकवला, पण तेवढ्यात जगदाळेकाकू घागर घेऊन आल्या, आणि मी एक पाऊल मागं होऊन त्यांना जागा दिली. आबा थांबले. “ह्यांचा नंबर हितं कसा?” त्यांनी मलाच विचारलं. मी काही बोलायच्या आत मागून कुणीतरी बाई हसत म्हणाली, “सुमीच लावती की त्यांचा नंबर! केकाचा सौदा हाय त्यो. पंधरा दिसांचा.” वाईट हेतूनं नाही म्हणाली. सगळ्या रांगेला माहीत होतं, आणि सगळ्यांना त्यात गंमत वाटत होती.

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग दगडाकडं. ते चिडले नाहीत. ते पुढं झाले आणि काकूंनी नळाखाली लावलेली घागर धरायला दोन्ही हात पुढं केले. “वहिनी, तुमची कंबर दुखतीया. आना हिकडं, म्या भरून घरात नेऊन ठिवतो. परवा आमच्या घरचं खाल्लंय तुमी. आज आमच्या हातचं पानी चालंल.”

काकूंनी घागर छातीशी ओढून घेतली. दोन्ही हातांनी. नळ चालू होता, धार खाली मातीत पडत होती. “ऱ्हाऊ द्या, भाऊ,” त्या म्हणाल्या. आबांचे हात तसेच पुढं. “मला काय न्हाय ओ,” काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, “घरात म्हातारं हाय, भाऊ.” दोघंही हलेनात. रांगेतून ओरडा सुरू झाला, “आगं पानी चाललंय! पानी चाललंय की!” साऱ्या बायकांना तेवढंच दिसत होतं, की पाणी वाया चाललंय. मलासुद्धा, सांगायला लाज वाटते, पण क्षणभर तेच दिसलं. शेवटी आबांनी हात मागं घेतले, तोटी फिरवून नळ बंद केला आणि घरी निघून गेले. मी आमची कळशी भरली. काकूंनी त्यांची घागर भरली.

मी घरी पोहोचले तेव्हा पेटी उघडी होती आणि आबा कागदावर सही करत होते. इंग्रजीत सही करायला त्यांना वेळ लागायचा. मी कळशी आपटली. दोन वर्षांचा, दोन महिन्यांचा, सगळा संताप एकदम वर आला. मी ओरडले, “पर त्यांनी खाल्लं ना! घरात येऊन बसले, खाल्लं! तुमाला आनखी काय पायजे हुतं? म्या मिनत्या केल्या म्हनून काय झालं, खाल्लं का न्हाई? काकूंनी तर दोन तुकडं खाल्लं! दुसरा तर म्या सांगितला बी नव्हता!”

आई चुलीपाशी उभी होती. तिला वाटलं, आबा मला मारतील. आबांनी पेनचं टोपण लावलं आणि मला जवळ बोलावलं. ते मला तसं कधी जवळ बोलावतील याची मी दोन वर्षं वाट बघत होते, आणि बोलावलं ते हे सांगायला.

“तुजं काय चुकलं न्हाय, सुमे. म्या जातूय त्ये तुज्यामुळं न्हाय. तितं म्या दोन नाताळ केले. कुना-कुनाच्या घरी खाल्लं, कोन-कोन आमच्याकडं येऊन खाऊन गेलं, त्ये आज मला आठवत सुदीक न्हाय. ध्यान ठिवायची येळच आली न्हाय. आन परवा, ह्या घरात, तुजा सौदा मला कळायच्या बी आदी, म्या मोजत हुतो. सतरा मानसं. कुनी किती घास खाल्ले, कुनी सरबत नुस्तं व्हटाला लावलं, कुनी रुमालात बांदून न्हेलं, सगळं सांगतो तुला. बैल होऊन नाचताना बी मोजत हुतो. असं मोजत हितं जगनं हुईना मला.”

जानेवारीत ते गेले, दोन वेळा करार वाढवून सात वर्षांनी परत आले, तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं. काकूंचे राहिलेले दिवस मी पुरे केले, कारण शब्द दिला होता आणि मी तेव्हा मूर्ख होते. पुढं मी सोलापूरला शाळेत विज्ञान शिकवलं, तीस वर्षं. माझ्या घरी पुष्कळ माणसं आली, मोठी शिकलेली, चांगली, मनापासून जेवणारी. अजून येतात. परवाच माझी सून म्हणाली, “आई, पाहुणे दाराबाहेर पडले नाहीत तोवर तुम्ही कप उचलून आत का बघता?” मी म्हटलं, धुवायला टाकायचे आहेत.